घरच्या ॲक्वापोनिक्ससाठी पंप घेताय? दुकानात जायच्या आधी टेपने उंची मोजा

गच्चीवर किंवा गॅलरीत ॲक्वापोनिक्स, म्हणजे एकाच पाण्यावर मासे आणि भाज्या वाढवायचा सेटअप, लावायचं ठरलं की टाकी कुठली, मासे कुठले, पालक लावायचा की पुदिना यावर घरात भरपूर चर्चा होते आणि पंप मात्र शेवटच्या दिवशी दुकानदार हातात देईल तो घेऊन येतो आपण. मला हे फार खटकतं, कारण या सगळ्या सेटअपमध्ये चोवीस तास चालणारी, लाइटबिल वाढवणारी आणि बंद पडली तर मासे दगावतील अशी वस्तू तीच आहे.

पंपाला काम काय आहे ते आधी बघू. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, ग्रोबेडमधल्या, म्हणजे झाडं लावलेल्या ट्रेमधल्या, खडीवर राहणारे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट झाडं उचलतात. या बॅक्टेरियांना पण ऑक्सिजन लागतो, म्हणजे पाणी फिरायचं थांबलं की नुसती झाडं सुकतात असं नाही, टाकीत अमोनिया साठायला लागतो. म्हणून साधा ठोकताळा असा की टाकीतलं सगळं पाणी तासाला निदान एकदा बेडमधून फिरून यावं. टाकी ३०० लिटरची असेल तर तासाला ३०० लिटर, एवढंच.

आता दुकानात बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं १००० लिटर पर अवर, आणि आपल्याला वाटतं तिप्पट आहे, झालं काम. पण तो आकडा पाणी अजिबात वर न चढवता नुसतं ढकलतानाचा असतो. त्याच्याच खाली बारीक अक्षरात अजून एक आकडा असतो, एच मॅक्स किंवा मॅक्स हेड, समजा १.५ मीटर. याचा अर्थ पंप दीड मीटरवर पाणी देतो असा नाही, दीड मीटरपर्यंत पाणी चढतं आणि तिथे थांबतं, बाहेर थेंब पडत नाही. या दोन आकड्यांच्या मध्ये तुमचा खरा फ्लो असतो. चांगल्या कंपन्या बॉक्सवर किंवा कागदावर ग्राफ देतात, तो बघायचा, आणि ग्राफ नसेल तर अंदाजाला पुरेल असा हिशोब आहे: तुमच्याकडे पाणी जितकं वर चढवायचं ती उंची भागिले मॅक्स हेड, जे येईल तेवढा हिस्सा बॉक्सवरच्या लिटरमधून गेला असं धरायचं.

उदाहरण घ्या. तुमची उंची १.२ मीटर आहे. एक पंप १५०० लिटरचा, मॅक्स हेड १.५ मीटर, आणि दुसरा १२०० लिटरचा, मॅक्स हेड २ मीटर. पहिल्याचं १.२ भागिले १.५ म्हणजे ८० टक्के गेले, राहिले ३०० लिटर. दुसऱ्याचं ६० टक्के गेले, राहिले ४८०. म्हणजे बॉक्सवर लहान आकडा असलेला पंप तुमच्या गच्चीवर दीडपटीपेक्षा जास्त पाणी देतो. आणि पहिला नवा असताना जेमतेम ३०० देतोय, महिन्याभरात स्पंज फिल्टरवर घाण बसली की तो ३०० च्या खाली जाणार, त्यामुळे गरजेपेक्षा निदान तीसचाळीस टक्के जास्त हिशोबात मिळायला पाहिजेत, तरच घ्या.

उंची कुठून कुठपर्यंत मोजायची यात पण गोंधळ होतो. पंप टाकीच्या तळाशी आहे म्हणून तळापासून मोजायची नाही, टाकीतल्या पाण्याच्या वरच्या पातळीपासून पाइपाचं तोंड जिथे सगळ्यात उंच आहे तिथपर्यंत मोजायची. सिस्टीम बेल सायफनवाली, म्हणजे बेड भरला की पाणी आपोआप टाकीत सोडणारी, असेल तर बेड भरताना टाकीतली पातळी खाली जाते, तेव्हा सगळ्यात खालची पातळी धरा.

आणि आता माझं ठाम मत. पंप बदलायच्या आधी स्टँड बदला. तीन फुटांच्या स्टँडवर बेड ठेवायची सवय आपल्याला आहे कारण वाकायला लागत नाही, झाडलोट सोपी पडते, ते ठीक आहे, पण तोच बेड ३० सेंटीमीटर खाली घेतला तर वरच्या हिशोबात १.२ मीटरचे ०.९ होतात आणि १००० लिटरवाला, दीड मीटर हेडचा छोटा पंप, जो आधी २०० लिटर देत होता, तोच ४०० द्यायला लागतो. वीज तेवढीच, पाणी दुप्पट. खरं म्हणजे तासाला ५०० लिटर पाणी सव्वा मीटर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशोबाने दोन वॅटसुद्धा लागत नाहीत, बाकीची वीज छोट्या पंपाच्या आतच आणि पाइपातल्या घर्षणात जाते, म्हणून उंची आणि पाइप या दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत तिथे हात सैल सोडायचा नाही.

पाइपाचं असं की पंपाचं तोंड अर्ध्या इंचाचं असतं म्हणून लोक वरपर्यंत अर्धा इंचच नेतात. तसं करू नका. पंपाच्या तोंडाला लगेच रिड्युसर, म्हणजे दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा, लावून पाऊण इंची पाइप घ्या, घर्षण काही पटींनी कमी होतं आणि खर्चात फार फरक पडत नाही, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत एक चक्कर मारली की रिड्युसर, व्हॉल्व्ह, टाकीचे कनेक्टर सगळं एका ठिकाणी मिळतं. एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, कमीत कमी ठेवा, शक्य तिथे लवचिक होज मोठ्या वळणाने न्या. आणि पारदर्शक नळी नको, उन्हात आत शेवाळ धरतं आणि नळी हळूहळू आतून अरुंद होते, काळी किंवा अपारदर्शक घ्या.

विजेचा हिशोब सरळ आहे. वॅट गुणिले २४ गुणिले ३०, भागिले १०००, हे महिन्याचे युनिट. ४० वॅटचा पंप महिन्याला २८.८ युनिट खातो, १५ वॅटचा १०.८. फरक १८ युनिट, युनिटला सगळं धरून १० रुपये धरले तर महिन्याला १८० आणि वर्षाला दोन हजारांच्या वर, म्हणजे पंपाच्या किमतीतला फरक त्यातच वसूल होऊन जातो. त्यात महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे रेट चांगलाच चढतो, त्यामुळे तुमचा वापर जर महिन्याला ९० युनिटच्या आसपास असेल तर पंपाचे युनिट त्या महागड्या स्लॅबमध्ये पडतात हे लक्षात घ्या. घरात पडून असलेली अर्ध्या एचपीची मोटर लावू का असं बरेच जण विचारतात, नका लावू, ती चोवीस तास चालवली तर दिवसालाच ९ युनिट किंवा जास्त घेईल आणि एवढं पाणी बेडला नकोच आहे.

छोट्या पंपांवर स्टार लेबल सहसा दिसत नाही, त्यामुळे तुलना आपणच करायची: माझ्या उंचीवर मिळणारे लिटर भागिले वॅट. वरच्या उदाहरणातला ४८० लिटर देणारा पंप २० वॅटचा असेल तर वॅटला २४ लिटर, दुसरा कुठला ३० वॅटमध्ये तेवढंच देत असेल तर वॅटला १६. पहिला घ्यायचा, विषय संपला.

प्रकारांबद्दल. मासे असलेल्या पाण्यात मॅग्नेटिक ड्राइव्हवाला सबमर्सिबल पंप सगळ्यात बरा, त्यात मोटरची गुंडाळी इपॉक्सीत बंद असते आणि इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पातं, चुंबकावर फिरतो, ऑइल सील नसतोच. शाफ्ट सिरॅमिकचा आहे का विचारा, स्टीलचा असेल तर लवकर झिजतो किंवा गंजतो. ऑइल भरलेला सबमर्सिबल कितीही स्वस्त मिळाला तरी नको, सील गेला की तेल टाकीत. पितळ, तांबं, गॅल्व्हनाइज्ड असं काही पाण्याला लागणार असेल तरी नको, तांबं आणि जस्त दोन्ही माशांना घातक आहेत. कुलरचा पंप लोक लावतात कारण तो कुठेही मिळतो, पण तो उन्हाळ्यातल्या काही तासांसाठी बनवलेला असतो, वर्षभर चोवीस तास त्याच्यावर मासे सोडून मी तरी गावाला जाणार नाही, पर्यायी म्हणून कपाटात ठेवायला ठीक आहे.

बजेट असेल तर १२ किंवा २४ व्होल्टचा ब्रशलेस डीसी पंप बघा. सारख्याच पाण्याला तो साधारण कमी वॅट घेतो, बऱ्याच मॉडेलला फ्लो कमीजास्त करायचा कंट्रोलर येतो आणि मुख्य म्हणजे बॅटरीवर थेट चालतो. फक्त अडॅप्टर चांगल्या कंपनीचा घ्या, कारण बरेचदा पंप शाबूत असतो आणि अडॅप्टर मरतो. तपकीर गल्लीत अडॅप्टर, टायमर, बॅटरी, प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर असं सगळं मिळतं, वॅटमीटर तर घ्याच, बॉक्सवरचे वॅट आणि खरे वॅट यात फरक निघू शकतो.

टायमरबद्दल एक गैरसमज आहे की १५ मिनिटं चालू ४५ मिनिटं बंद केलं की वीज पाऊण वाचते. तेच पाणी फिरवायचं असेल तर चौपट फ्लोचा पंप लागतो ना, मग वाचलं काय? छोटा पंप सतत चालू ठेवलेला माझ्या मते घरासाठी जास्त भरवशाचा.

आता लाइट जाण्याचं. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते हे आपल्याला नवीन नाही, पावसाळ्यात फांदी पडली की वेगळं. एप्रिल-मेमध्ये हे जास्त धोक्याचं कारण पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. म्हणून पाण्याचा पंप आणि हवेचा पंप वेगळे ठेवा, पाचेक वॅटचा एअर पंप बॅटरीवर टाकला तर मासे तरी वाचतात, बेड काही तास ओला राहतोच. १२ व्होल्ट ७ एएचच्या लेड ॲसिड बॅटरीत ८४ वॉट-अवर असतात, त्यातले निम्मेच वापरायचे धरले तर ५ वॅटचा पंप आठ तास निघतो, १० वॅटचा डीसी पंप चार. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा, स्क्वेअर वेव्हवर छोटे एसी पंप घुंघुं आवाज करतात आणि तापतात.

वाघोली, वाकड, उंड्री अशा भागात टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर पंपाची निवड करताना अजून एक गोष्ट बघायची, तो हाताने उघडता येतो का. जड पाण्याचा पांढरा थर इंपेलरवर बसतो, पंप आवाज करायला लागतो, फ्लो पडतो. लिंबूसत्वाच्या पाण्यात इंपेलर तासभर बुडवून ब्रशने घासला, साध्या पाण्याने धुतला की परत पहिल्यासारखा. त्यामुळे स्क्रू न लागता उघडणारा पंप घ्या आणि स्पेअर इंपेलर मिळत असेल तर तेव्हाच बरोबर घ्या, नंतर त्याच मॉडेलचा सापडणं अवघड जातं.

लावताना पंप अगदी तळाशी ठेवू नका, विटेवर किंवा पालथ्या कुंडीवर ठेवा. एक तर गाळ कमी ओढला जातो आणि दुसरं म्हणजे रात्री वरचा पाइप निसटला तर पंप सगळी टाकी उपसत नाही, माशांपुरतं पाणी खाली उरतं. मात्र पंप पाण्याच्या बाहेर कोरडा चालला तर जळतो, म्हणून अधूनमधून पातळी बघत जा. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही, सॉकेट पावसापासून झाकलेलं पाहिजे, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर पंपाआधी तो बसवून घ्या. टाकीत हात घालताना प्लग काढायचा, घरात लहान मुलं असतील तर त्यांना पण हे शिकवून ठेवा.

बिल घेऊन या, आणि पहिल्याच दिवशी टेस्ट करा. पाइपाच्या तोंडाशी, अगदी त्याच उंचीवर, २० लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. ७२००० भागिले जितके सेकंद लागले तितके, हे तुमचे तासाचे लिटर, १५० सेकंद लागले तर ४८०. आकडा हिशोबापेक्षा फार कमी आला तर आधी एल्बो आणि पाइप तपासा, तरी नाही वाढला तर पंप बदलून मागा. तो आकडा आणि वॅटमीटरचं रीडिंग टाकीवरच मार्करने लिहून ठेवा, दर महिन्याला परत बादली लावा आणि फ्लो पाव भागाने पडला की पंप उघडून साफ करा.