रातांब्यापासून आमसूल आणि कोकमतेल घरी कसे करावे

एप्रिलच्या अखेरीस कोकणात आणि गोव्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकू लागतात आणि मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी त्यांचे काम उरकावे लागते. साल वाळवून आमसूल केले जाते, आगळ, म्हणजे मीठ घातलेला रातांब्याचा रस, बाटल्यांत भरले जाते. बिया मात्र हल्ली बऱ्याच घरांतून उकिरड्यावर जातात. सालीतून वर्षभराचे आंबट मिळते, तसेच बीच्या मगजातून भेगाळलेल्या त्वचेला लावण्याचे आणि खाण्यातही चालणारे उत्तम तेल मिळते. दोन्ही कामे एकाच फळांवर लागोपाठ करता येतात आणि ती तशी केली, तरच त्या फळाचे चीज होते.

फळे पूर्ण पिकलेली, गडद लाल ते जांभळट रंगाची आणि टणक निवडावीत. पावसात भिजून फुटलेली फळे आमसुलासाठी घेऊ नयेत, कारण ती वाळण्याआधीच त्यांना बुरशी धरते. रातांब्याचा रस अतिशय आंबट असल्यामुळे ॲल्युमिनियमची, तांब्याची किंवा पितळेची भांडी वापरू नयेत. स्टेनलेस स्टील, काच किंवा चिनी माती हेच योग्य. फळे धुऊन, पुसून कोरडी करावीत आणि मधोमध चिरून साल एका भांड्यात व बियांसकट गर दुसऱ्या भांड्यात काढावा. बोटे लालभडक होतात आणि साबणाने धुतली की तोच लाल रंग निळसर काळपट दिसू लागतो. फळातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल राहते आणि साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाने निळ्याकडे झुकते, एवढेच त्यामागचे कारण आहे. त्याची काळजी करू नये.

गर-बियांच्या १ किलो वजनाला साधारण १०० ग्रॅम जाडे मीठ घालून ते मिश्रण रात्रभर झाकून ठेवावे. सकाळपर्यंत मिठाने गर सुटतो आणि भरपूर रस तयार होतो. तो चाळणीतून गाळून बिया वेगळ्या काढून ठेवाव्यात. साल पहिल्या दिवशी नुसतीच कडक उन्हात वाळवावी आणि संध्याकाळी या खारट रसात बुडवून ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी निथळून पुन्हा उन्हात पसरावी. हा क्रम सालीने सगळा रस पिऊन घेईपर्यंत चालू ठेवावा. चांगले ऊन असल्यास त्याला पाच ते सात दिवस लागतात. रसात बुडवून वाळवण्याच्या या फेऱ्यांमध्ये, म्हणजे पुटांमध्ये, घाई करू नये, कारण आमसुलाचा रंग आणि आंबटपणा त्यांवरच अवलंबून असतो आणि पुटे न देता एकदाच वाळवलेली साल आमटीत फिकी पडते. वाळवण धुळीपासून आणि माश्यांपासून वाचवण्यासाठी वर पातळ मलमलचे कापड घालावे. तयार आमसूल काळपट जांभळे आणि चिवट असते. बोटांनी वाकवले तर वाकते, मोडत नाही. ते कोरड्या बरणीत दाबून भरावे.

सोलकढीसाठी आगळ हवे असेल, तर थोडी फळे बाजूला ठेवावीत. त्यांच्या १ किलो रसाला साधारण १६० ग्रॅम मीठ घालून ते पूर्ण विरघळेपर्यंत रोज ढवळावे आणि गाळून बाटल्यांत भरावे. आगळ खूप खारट असल्याने सोलकढीत वेगळे मीठ चवीनंतरच घालावे.

आता बियांकडे वळावे. त्यांना चिकटलेला गर आणि मीठ जाईपर्यंत त्या टोपलीत चोळून, पाणी बदलत धुवाव्यात आणि आतला मगज सालपटापासून सुटेपर्यंत कडक उन्हात वाळवाव्यात. नीट वाळलेल्या बिया पावसाळ्यानंतरही वापरता येतात, त्यामुळे तेलाचे काम सवडीने केले तरी चालते. ओलसर बियांना मात्र बुरशी येते आणि त्यांचे तेल खवट निघते. तेल काढताना बिया लाकडी दांडक्याने हलक्या हाताने ठेचून सुपात पाखडाव्यात, म्हणजे सालपटे उडून मगज मागे राहतो. तो पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटून चौपट पाण्यात मंद आचेवर तासभर तरी उकळावा. हळूहळू तेल वर तरंगू लागते. भांडे रात्रभर न हलवता ठेवल्यास सकाळी पाण्यावर त्याची घट्ट थापी जमलेली दिसते. ती उचलून पुन्हा मंद आचेवर वितळवावी आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तापवावी. बुडबुडे थांबले म्हणजे पाणी उडाले. हा टप्पा अर्ध्यावर सोडल्यास तेल टिकत नाही. नंतर ते मलमलमधून गाळून थिजत आले की मुठीत दाबून अंड्याएवढे गोळे वळावेत. कोकणात याच गोळ्यांना मुठेल म्हणतात.

या तेलात स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांचे प्रमाण मोठे असते आणि ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणूनच ते उन्हाळ्यातही घट्ट राहते. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमांत कोको बटरसोबत मर्यादित प्रमाणात वापरण्यास परवानगी असलेल्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांमध्ये कोकमाचा समावेश आहे. परदेशातील कारखान्यांना ज्याचे मोल कळते, त्याच्या बिया आपण फेकून द्याव्यात, हे मनाला लागते.

नुसते मुठेल कडक असते आणि त्वचेवर सहज पसरत नाही. पायांच्या भेगांसाठी मुठेल आणि खोबरेल तेल समान वजनाने घेऊन गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवावे आणि थंड होईपर्यंत ढवळावे, म्हणजे मलम रवाळ न होता एकसारखे थिजते. वाटीत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून हे मलम भेगांत चोळावे आणि सुती मोजे घालून झोपावे. ओठांसाठी खोबरेलाचे प्रमाण थोडे वाढवावे.

पहिल्यांदा वापरताना ते कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी आणि खाज किंवा लाली आल्यास वापर थांबवावा. भेगांतून रक्त येत असेल, पू झाला असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवावा. मलम कोरड्या चमच्यानेच काढावे आणि त्याला खवट वास येऊ लागल्यास ते टाकून द्यावे.