जुन्या सुती साड्यांची गोधडी: घरच्या घरी, हातानं

आईचं कपाट आवरायला घेतलं तेव्हा तळाशी सात-आठ सुती साड्या निघाल्या, घडी तशीच्या तशी, मधे डांबरगोळ्या. वरची उचलली आणि झटकली तर घडीवरूनच टर्रकन फाटली. नेसून फाटलेली नाही, नुसती ठेवून ठेवून फाटली. सुती कापड एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की तिथला धागा मरतो, हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं आणि खरंच जीव तुटला. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, आईच्या किंवा आजीच्या साड्या आठवण म्हणून कपाटात ठेवल्या असतील तर या आठवड्यात बाहेर काढा, निदान घड्या तरी बदला. आणि गोधडी शिवायचं मनात असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका, कापडात जीव आहे तोवरच हे होतं.

आता साड्या कुठल्या घ्यायच्या. फक्त सुती, यात मी अजिबात तडजोड करत नाही. माझ्या पहिल्या गोधडीत मी आतल्या थराला एक नायलॉनची साडी घातली होती, म्हटलं आतच तर आहे, कुणाला दिसतंय. दोन धुण्यांत ती आतल्या आत घसरत जाऊन एका कोपऱ्यात गोळा झाली, टाके ओढले गेले, सगळी गोधडी वाकडी झाली आणि अख्खी उसवावी लागली. शिवाय सिंथेटिक कापडाखाली घाम येतो, सुती कापड घाम पिऊन घेतं. कापड कशाचं आहे कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळा (सिंकजवळ उभं राहून), सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. साडीचा फॉल बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो म्हणून तो उसवून टाका, जरीचा काठ असेल तर तोही काढा, अंगाला टोचतो.

कापडात जीव किती उरलाय ते उजेडासमोर धरून बघायचं. जिथे विरळ दिसतं तिथे दोन अंगठ्यांनी हलकं ताणा, चिरलं तर तो भाग आतल्या थराला. साडी खालच्या कडेला आणि खांद्याच्या भागात जास्त झिजते, कमरेच्या आतल्या वेढ्याचं कापड शेवटपर्यंत चांगलं राहतं, तेच वरच्या बाजूला वापरा. नऊवारी लुगडं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण कापड जवळजवळ दीडपट मिळतं.

हिशोब सांगते, कारण इथेच बरेच जण अडकतात. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट, आणि पन्हा, म्हणजे रुंदी, 45 इंच. तिचे पाच-पाच फुटांचे तीन तुकडे पडतात आणि पदराकडचे तीनेक फूट उरतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की 5 फूट बाय साडेसात फूट असा एक थर तयार, एका माणसाला आरामात पुरतो. चार थरांची गोधडी पुण्यामुंबईच्या थंडीला पुरेशी आहे, त्याला आठ तुकडे लागतात, म्हणजे तीन साड्या. एक तुकडा आणि तीन पदर शिल्लक राहतात, ते ठिगळांना येतील. अस्तराचे, म्हणजे सगळ्यात खालच्या थराचे, दोन तुकडे मात्र पाच फूट चार इंच कापा, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच वर दुमडायला लागतात.

कापताना कात्रीनं फक्त काठ छेदायचा आणि पुढे हातानं फाडायचं, सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री चालवली की हमखास तिरकं जातं. त्याआधी साड्या धुऊन घ्या. रंग जातोय का बघायला एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा, डाग पडला तर ती साडी वेगळी दोन-तीन पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढऱ्या ठिगळाचं गुलाबी ठिगळ होतं. खळ असेल तर तीही पूर्ण जाऊ दे, कडक कापडातून सुई जात नाही. मग इस्त्री.

सामान फार नाही. जाड सुती दोरा, शिवणसामानाच्या दुकानात गोधडीचा दोरा म्हणून मागा, नाही मिळाला तर क्रोशाचा बारीक सुती दोरा चालतो. लांब सुई, नेढं मोठं असलेली. मेणबत्तीचा एक तुकडा. मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी), ते सवयीचं नसेल तर चिंधी गुंडाळा, पण काहीतरी लावाच, दुसऱ्या दिवशी बोटाला भोकं पडलेली असतात. दोरा किती लागेल विचाराल तर, दीड-दीड इंचावर ओळी घातल्या तर पाच फुटांत चाळीस ओळी होतात, प्रत्येक साडेसात फुटांची, म्हणजे 300 फूट, जवळपास 91 मीटर. कडा आणि ठिगळं धरून दीडशे मीटर आणून ठेवा. सगळा एकदम आणा, नंतर तोच रंग मिळत नाही.

गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा, सुई खाली-वर नेत सरळ रेषेत; ज्यांनी तो कधी घातला नाही त्यांनी थेट गोधडीला बसू नका. उरलेल्या चिंध्यांचे वीतभर चौकोन कापा, सहा-सात थर एकावर एक ठेवा आणि शिवून टाका, गरम पातेलं धरायला स्वयंपाकघरात झकास होतात (इथेही सुतीच, सिंथेटिक गरम भांड्याला वितळून चिकटतं). असे चार-पाच केले की हाताला टाक्याचं माप बसतं.

आता अंथरणं. हॉलमधलं टीपॉय-खुर्च्या बाजूला करा, फरशी पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. अस्तर उलटं अंथरा, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा, आमच्याकडे वरवंटा, खलबत्ता आणि दोन तांदळाचे डबे असतात. आता एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. चारही थरांचे जोड एकाच रेषेवर आले की गोधडीच्या मधोमध दोरीसारखा उंचवटा होतो आणि तो बरोब्बर कमरेखाली टोचतो. म्हणून आतल्या दोन थरांत एक तुकडा मधे अख्खा टाकायचा आणि दुसरा उभा फाडून त्याचे दोन अर्धे डोक्याकडे आणि पायाकडे लावायचे. आतले जोड शिवायची गरज नाही, बोटभर एकमेकांवर चढवले की बास, वरून टाके पडणारच आहेत. त्यामुळे आतले थर इंच-दोन इंच आखूडही होतात, ते बरंच, कडेतून बाहेर डोकावत नाहीत. सगळ्यात वर चांगली साडी, सुलट.

प्रत्येक थर टाकल्यावर तळव्यानं मधून कडेकडे सारवल्यासारखा हात फिरवायचा. फडकं झटकतो तसं ओढाताण करून सपाट करू नका, ताणलेलं कापड नंतर आखडतं आणि चुण्या पडतात. दोन माणसं असतील तर हे काम दहा मिनिटांचं आहे, एकटीला अर्धा तास.

मग कच्चे टाके. रंगीत दोऱ्यानं, चार-चार बोटांचे लांब टाके, मधून सुरुवात करून चारी दिशांना, मग मधल्या जागेत वीत-वीत अंतरावर. कंटाळा येतो, मला माहितीय, खूप जण हे टाळून सेफ्टी पिना लावतात. पिना चालतात पण मांडीवर घेऊन शिवताना टोचतात आणि थर सरकतात. कच्च्या टाक्यांना दिलेला एक तास पुढचे दहा तास वाचवतो. हे झालं की गोधडी गुंडाळून ठेवता येते, हॉल परत मोकळा.

कडा आधी बंद करा. दोन्ही बाजूंना अस्तर वर दुमडून, टोक आत घालून टाचायचं. डोक्याकडे आणि पायाकडे साडीचे काठच येतात, ते उसवत नाहीत, तिथे वरचा काठ खालच्या काठावर ठेवून नुसती ओळ घातली तरी चालते.

आणि मग खरं शिवणं. दोरा हातभरच घ्या, खांद्यापासून बोटापर्यंत. लांब घेतला की वेळ वाचेल असं वाटतं पण तो गुंततो, पिळतो, आणि शेवटी तुटतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. गाठ मारायची, सुई वरच्या थरातून आत घालून बाजूला काढायची आणि हलका हिसका द्यायचा, टक्क असा बारीक आवाज येतो आणि गाठ आत जाते, कुठेच दिसत नाही. सुईवर एका वेळी चार-पाच टाके भरायचे, डावा हात गोधडीच्या खाली, सुईचं टोक खालच्या बोटाला जरासं लागलं की समजायचं चारही थर घेतले, तिथून टोक परत वर. टाका साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा. पुढचा टाका मागच्यापेक्षा मोठा झाला तर उसवत बसू नका. ओढताना मात्र जपून, दोरा घट्ट आवळला की कापड गोळा होतं आणि धुतल्यावर आवळलेला टाका आधी तुटतो, म्हणून ओळ संपली की बोटानं एकदा ओळीवरून हात फिरवून टाके सैल करायचे.

ओळींची दिशा म्हणाल तर आमच्या साताऱ्याकडे कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्या मारत आत येतात, दिसायला फार सुंदर, घरात एकात एक घर असल्यासारखं. पण पहिल्या वेळेला मधली उभी ओळ आधी घाला आणि मग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं सरका, कारण फेऱ्यांमध्ये कुठे कापड जास्त झालं तर ते सगळं ढकलत ढकलत मधे येतं आणि तिथे फुगा राहतो. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. मला एका ओळीला वीस मिनिटं लागतात, म्हणजे चाळीस ओळींना तेरा-चौदा तास, रोज संध्याकाळी एक तास बसलं तर दोन आठवडे. पूर्वी उन्हाळ्यात शेतीची कामं उरकली की बायका दुपारी एकत्र बसून शिवायच्या, चार जणी चार बाजूंना, ते बरोबरच होतं, दोघी असाल तर वेळ अर्धा आणि गप्पा वेगळ्या.

मशीनवर का नाही, हे सगळे विचारतात. होतं मशीनवर, पण मशीनचा टाका घट्ट आणि सलग असतो, गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते, अंगाला लपेटत नाही. हाताच्या टाक्यात कापडाला हलायला जागा राहते, थरांमधे हवा राहते आणि ऊब त्या हवेमुळेच असते. वरच्या दोन तुकड्यांचा जोड मशीनवर मारा हवा तर.

ठिगळं नंतर लावायची असतील तर कडा आत दुमडूनच लावा. माझ्या गोधडीवर छातीपाशी आईच्या साडीचा पदर येतो, त्यावर हळदीचा एक डाग आहे, चार बोटांचा, हात पुसलेला. त्याच्या शेजारी तिनं स्वतः रफू केलंय, निळ्या साडीवर हिरव्या दोऱ्यानं, घरात असेल तो दोरा घेतलेला. डाग काढायला मी तो पदर धुवायला दिला नाही आणि रफूवरून माझी ओळही नेली नाही, तेवढ्या जागेत ओळ वळवून घेतली. तुमच्याकडे असं काही असेल तर कापताना आधी ते शोधा, फाडून झाल्यावर ते आतल्या थरात गेलेलं कळतं आणि मग चुटपुट लागते.

घरात बाळ येणार असेल तर हीच पद्धत छोट्या मापात, तीन फुटी चौकोन, तीन थर, झालं दुपटं. त्याला सगळ्यात जुनी, सगळ्यात जास्त धुतलेली साडी घ्या, तिच्याइतकं मऊ दुकानात काही मिळत नाही. मणी, टिकल्या, लेस काही लावू नका, सैल दोरे आत घ्या, बाळाच्या बोटात अडकतात.

धुण्याबद्दल. नवी गोधडी पहिल्यांदा धुतली की किंचित आटते आणि टाक्यांभोवती बारीक सुरकुत्या पडतात, घाबरू नका, गोधडी तेव्हाच गोधडी दिसायला लागते. मोठ्या टबात साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, पायानं तुडवा, पिळू नका, ओली गोधडी फार जड होते आणि पिळताना टाके तुटतात. कठड्यावर टाकून निथळू द्या आणि मग कडक ऊन, दोन्ही बाजूंनी. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायची पद्धत आहे, तेव्हा पावसाळ्याची दमट हवा त्यांच्यात बसलेली असते. पाऊस उघडला नसेल तर मात्र थांबा, अर्धवट वाळलेल्या गोधडीला वास धरतो आणि तो सहज जात नाही.

आणि ही गोधडी आठ-दहा वर्षांनी वरून विरली तर टाकायची नाही, उसवायचीही नाही. तिलाच आतला थर समजायचं, वर-खाली एकेक नवी जुनी साडी चढवायची, कच्चे टाके, आणि जुन्या ओळींच्या मधल्या जागेतून नव्या ओळी. आईची गोधडी मी मागच्या उन्हाळ्यात अशीच करायला घेतली तर कडेच्या उसवलेल्या भागातून आत एक लाल चौकडा दिसला. आईला फोन केला, ती म्हणाली, अगं ते माझ्या आत्याचं लुगडं. तसंच ठेवलं, वरून माझी राखाडी साडी घातली, सध्या सतराव्या ओळीवर आहे.