सोसायटीने 'कार्बन कमी करू' अशी शपथ घेतलीये? मग या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये टाळ्यांच्या कडकडाटात ठराव झाला, 2030 पर्यंत उत्सर्जन 30 टक्के कमी करायचं. आकडा कुणीतरी मुंबईच्या क्लायमेट अॅक्शन प्लॅनमधून उचलला होता. पण तिथे 2019 हे बेस इयर, म्हणजे तुलनेसाठी धरलेलं वर्ष, आहे; आमच्या ठरावात 30 टक्के कशाच्या, हेच नव्हतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. मग वर्ष निवडायची वेळ आली तेव्हा कमिटीने नेमकं ते वर्ष घेतलं ज्यात खालची टाकी गळत होती आणि पंप दिवसभर घरघरत होता. टाकी दुरुस्त झाली, कॉमन मीटरचं (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे असं सगळ्यांचं सामाईक) बिल उतरलं, आणि काहीच न करता आम्ही 'हरित' झालो! असं गचाळ वर्ष घेऊ नका, लॉकडाऊनचं तर नकोच. दोन-तीन साध्या वर्षांची सरासरी धरा, आणि बिलं गोळा करताना बघा की रीडिंग न घेता सरासरीवर काढलेली बिलं त्यात घुसली नाहीयेत ना.

दुसरं, हिशोब न करता भांडायचं. आमच्याकडे दोन मीटिंगा जनरेटरवर गेल्या, कारण धूर दिसतो ना. आता बघा, डिझेलचा एक लिटर म्हणजे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, महिन्याला 50 लिटर धरलं तरी 135 किलो. कॉमन मीटर महिन्याला 4,000 युनिट, आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास, म्हणजे 2,800 किलो!! लिफ्ट, पंप, पार्किंगमधल्या रात्रभर जळणाऱ्या ट्यूबा, खरा मामला तिथे आहे, पण त्याला धूर नाही म्हणून कुणी बघत नाही.

"शपथ घेतली आणि आकडा उलटा वाढला" ही तक्रार बऱ्याच जणांची असते. घाबरू नका, आधी ईव्ही चार्जर कॉमन मीटरवर आहे का बघा. पेट्रोलची स्कूटर 100 किमीला सव्वादोन लिटर पिते, म्हणजे पाचेक किलो, आणि इलेक्ट्रिक तीनेक युनिट, म्हणजे दोन किलो. एकूण घटलंच की, फक्त ते पेट्रोल आपल्या वहीत कधी नव्हतंच आणि वीज मात्र आली. चार्जरला वेगळा छोटा मीटर (सबमीटर) लावा, वेगळा कॉलम करा, झालं. सोलर असेल तर जुलैची तुलना एप्रिलशी करू नका, पावसात निर्मिती पडणारच, मागच्या जुलैशी करा.

वहीत काय धरायचं आणि काय नाही हे आधीच ठरवून लिहून टाका. मोठ्या कंपन्याही इथेच अडखळतात. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये जाहीर केलं की 2030 ला कार्बन निगेटिव्ह होणार (म्हणजे सोडतो त्यापेक्षा जास्त कार्बन हवेतून काढणार), आणि 2024 च्या रिपोर्टमध्ये त्यांनीच छापलं की एकूण उत्सर्जन 29 टक्क्यांनी वाढलंय. स्वतःचं इंधन-वीज खरंतर 6 टक्क्यांनी घटलं होतं, पण डेटा सेंटरचं सिमेंट, स्टील, चिप्स असं सप्लायरकडचं 31 टक्क्यांनी वाढलं. फक्त पहिला आकडा छापला असता तर कौतुकच झालं असतं. तसंच एखादी कंपनी "प्रति टन उत्पादन उत्सर्जन घटवलं" म्हणते तेव्हा उत्पादन किती वाढलं ते आधी विचारा, एकूण उत्सर्जन वाढलेलंही असू शकतं.

झाडांबद्दल थोडक्यात. जुलैत फोटो काढून लावलेली रोपं मे महिन्यात कितपत जिवंत आहेत ते मोजा, आणि लाइट बिलाच्या आकड्यातून ती वजा करू नका, वेगळी लिहा. कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी कमी केलेल्या उत्सर्जनाचं प्रमाणपत्र, विकत घेतलं तरी तेच.

आणि एक बारीक गोष्ट, आमचा एक्सेल शीट एका काकांच्या लॅपटॉपवर होता, ते मुलीकडे पुण्याला राहायला गेले आणि दीड वर्षाचा हिशोब गायब. आता बिलाचा फोटो दर महिन्याला वॉचमनच्या केबिनमधल्या बोर्डावर लागतो, युनिट लाल पेनाने गोल केलेले.