सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यातून बाहेर पडायचा रस्ता बघा

म्हापशात दुकान असो की काणकोणात गेस्टहाऊस, बिलिंगचं सॉफ्टवेअर घेताना डेमोतच सांगा: गिऱ्हाइकं, बिलं, उधारी सगळं सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलमध्ये) काढून दाखवा. ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये उघडा. (नावं देवनागरीत असतील तर उघडताना अक्षरांच्या संकेतासाठी यूटीएफ-8 निवडा, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतील.) फक्त पीडीएफ देत असतील तर तो एक्सपोर्ट (डेटा बाहेर काढून देणं) नव्हे, पुढच्या सॉफ्टवेअरात ती धड भरता येत नाही. वर्गणी संपल्यावर जुना डेटा किती दिवस मिळेल, हे लेखी घ्या.

ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे सुटलो असं नाही. सर्व्हरचा पासवर्ड आणि बॅकअप बसवून देणाऱ्याकडेच असेल, तर तिथंही अडकलातच. फायदा एकच, पण मोठा: तो माणूस सोडून गेला तरी तोच प्रोग्रॅम दुसरा जाणकार सांभाळू शकतो. चतुर्थीच्या गर्दीआधी बॅकअप दुसऱ्या संगणकावर एकदा चढवून पाहाच.