दोन गटांची कोडी: या चुका टाळा

पानाच्या डावीकडे सहा चौकटी, उजवीकडे सहा. प्रत्येक चौकटीत काही आकृत्या. डावीकडच्या सहाही चौकटींना लागू होईल आणि उजवीकडच्या एकीलाही लागू होणार नाही, असा नियम शोधायचा. पर्याय दिलेले नसतात, नियम आपल्या शब्दांत सांगायचा. मिखाईल बोंगार्ड या सोव्हिएत संशोधकाने १९६७ साली अशी शंभर कोडी आपल्या पुस्तकाच्या शेवटी छापली. यंत्राला आकार ओळखायला शिकवायचं तर नेमकं काय शिकवावं लागेल, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

सांगलीत विश्रामबागेत शिष्यवृत्ती परीक्षेची मुलं रविवारी माझ्याकडे येतात. बुद्धिमत्ता चाचणीतल्या ‘गटात न बसणारी आकृती’चा त्यांचा सराव पक्का असतो. तिथे पर्याय समोर असतात, वेगळं दिसलं की खूण करून पुढे जायचं. तीच सवय घेऊन ही कोडी सोडवायला बसली की मुलं अडकतात, आणि बहुतेक वेळा त्याच त्या ठिकाणी.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फक्त डावीकडे बघणं. एका कोड्यात डावीकडे प्रत्येक चौकटीत गोल वर आणि त्रिकोण खाली होता, उजवीकडे त्रिकोण वर आणि गोल खाली. आकार लहानमोठे, काही काळे, काही पोकळ. एकाने लगेच हात वर केला, “बाई, डावीकडे गोल आणि त्रिकोण आहेत.” खरंच होतं, पण उजवीकडेही तेच होते. तेव्हापासून मी मुलांना नियम सापडल्यावर उजवीकडच्या एकेका चौकटीवर बोट ठेवून मोठ्यांदा ‘नाही’ म्हणायला लावते. सहा वेळा. पाचव्याला जीभ अडखळली की नियम गेला.

याच कोड्यात काळा रंग आणि लहानमोठेपणा मुलांना फार छळतो. दिसतंय म्हणजे कामाचं असणारच, असं त्यांना वाटतं. तासगावची एक मुलगी मात्र अडली नाही. तिची आई बेदाणा निवडायला जाते. ती म्हणाली, “काड्या काढायला बसलं की रंग बघायचा नसतो, बाई. रंगाप्रमाणे निवडायचं असेल तेव्हा काडी बघायची नसते.” एका वेळी एकच गुण धरायचा आणि बाकीचे डोळ्यांआड करायचे, हे मला इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं.

पाच चौकटींना बसणारा नियम धरून ठेवणं ही दुसरी मोठी चूक. “सहावी चुकून तशी काढली असेल,” असं मुलं म्हणतात. चुकून नसते. झटपट सुचणारा खोटा नियम मोडावा म्हणूनच ती तिथे ठेवलेली असते. म्हणून अडलात की सुरुवातच त्या नको असलेल्या चौकटीपासून करा.

आणखी एक चूक हुशार मुलंही करतात. “डावीकडे त्रिकोण आहेत, उजवीकडे काळे आकार आहेत.” ऐकायला उत्तर वाटतं, पण मग काळा त्रिकोण काढला तर तो कुठे जाणार? दोन्हीकडची विधानं एकाच मापाची हवीत: वर-खाली, आडवं-उभं, आहे-नाही. तसंच ‘गोल असेल किंवा मोठा असेल’ असा ‘किंवा’ लावून जोडलेला नियम सुचला, तर तो बहुतेक वेळा ठिगळच असतो. सोडून द्या.

बोंगार्डच्या पहिल्याच कोड्यात डावीकडच्या सहाही चौकटी कोऱ्या आहेत. मुलांना वाटतं, झेरॉक्स नीट आली नाही. काही नसणं हाही गुणच आहे, एवढं समजलं की पुरे.

शंभरांतलं माझं आवडतं कोडं वेगळं आहे. प्रत्येक चौकटीत एकच वेडावाकडा बंद आकार, मध्ये आवळलेला, आणि त्याच्या कडेवर दोन छोट्या खुणा. मुलं खुणांमधलं अंतर मोजतात, त्या वर आहेत की खाली ते बघतात, कशाचाच मेळ बसत नाही. कारण ती खुणांकडेच बघत असतात, आकाराला त्यांनी नावच दिलेलं नसतं. मी एवढंच विचारते, “हे कशासारखं दिसतं?” कोणीतरी म्हणतं, “डमरू.” डमरू म्हटलं की दोन भाग आले आणि मधली कंबर आली. मग दिसतं की डावीकडे दोन्ही खुणा कंबरेच्या एकाच बाजूला आहेत, उजवीकडे एक अलीकडे आणि एक पलीकडे. आकाराला घरगुती नाव द्यायला लाजू नका. भोपळा, कुलूप, नाकातली चमकी, काहीही चालेल.

तरीही सुचत नसेल तर सहा-सहा चौकटींवर नजर फिरवत बसू नका. डावीकडची एक आणि उजवीकडची एक अशी जोडी शोधा, जी एकमेकींसारखी सगळ्यात जास्त दिसते. त्या दोघींत जो फरक उरतो, तिथेच नियम असण्याची शक्यता जास्त. मग उलट करा: डावीकडच्याच सगळ्यात वेगळ्या दिसणाऱ्या दोन चौकटी घ्या आणि त्यांच्यात समान काय ते बघा. याने बरीच कोडी सुटतात. फरक दिशेचा आहे असा संशय आला, तर एक चौकट ट्रेसिंग पेपरवर उतरवून पाव किंवा अर्धा फेरा फिरवा. ती आता पलीकडच्या गटात शोभत असेल तर संशय खरा.

घरी स्वतः कोडी तयार करा, पण एक जपा. एका मुलाने डावीकडे बंद आकार आणि उजवीकडे उघडे आकार असं सुरेख कोडं केलं. वर्गातली सगळी एका सुरात म्हणाली, “डावीकडे जाड रेघ, उजवीकडे बारीक!” त्याने डावी बाजू स्केचपेनने काढली होती आणि उजवी पेन्सिलीने. मुलांचं उत्तर चूक नव्हतंच, कोड्याला दोन नियम झाले होते. तो खाली बसला आणि डावीकडचे तीन आकार पेन्सिलीने, उजवीकडचे तीन स्केचपेनने पुन्हा काढू लागला.