पायथनमधे हिशोब असा लिहा की कापसाच्या पट्टीशी जुळवता येईल

गावाकडची पोरंपोरी आता मोबाईलवरच पायथन शिकून राहिली, लय चांगलं आहे, पण बहुतेकांचा हिशोब असा एका ओळीत कोंबलेला असतो:

र = (अ - ब) / १०० * (१ - क / १००) * भ - (अ - ब) / १०० * ह

उत्तर बरोबर येते. पण ही कापसाच्या गाडीची रक्कम आहे हे कोणाला कळणार? कम्प्युटरला काही फरक पडत नाही, वाचतो माणूसच, अन ज्याचा कापूस आहे त्याला बाजूला बसवून एकेक ओळ पट्टीशी, म्हणजे कापूस विकल्यावर मिळते त्या हिशोबाच्या कागदाशी, जुळवता आली पाहिजे.

पहिलं काम म्हणजे कागदावर पट्टी जशी मांडतात तसाच क्रम घ्या, अन नावात एकक टाका, किलो की क्विंटल ते, कारण निम्म्या चुका तिथंच होतात (कटती म्हणजे वजनातून कापून घेतात तो भाग):

निव्वळ_किलो = भरली_किलो - रिकामी_किलो
क्विंटल = निव्वळ_किलो / १००
कटती_क्विंटल = क्विंटल * कटती_टक्के / १००
माल_रुपये = (क्विंटल - कटती_क्विंटल) * भाव
हमाली_रुपये = क्विंटल * हमाली_दर
हाती_रुपये = माल_रुपये - हमाली_रुपये

(आकडे इथं मराठीत दिलेत, कोडमधे इंग्रजीच टाका. नावं मात्र पायथन ३ ला मराठीत चालतात, बिनधास्त लिहा.)

सहा ओळी झाल्या तर होऊ द्या. हमाली चुकली तर नेमकी कोणती ओळ पाहायची ते लगेच सापडते.

मग कंस. गुणाकार-भागाकार आधी अन बेरीज-वजाबाकी नंतर हे शाळेत झालंच आहे, तिथं उगाच कंस भरू नका. पण भरली_किलो - रिकामी_किलो / १०० असं लिहिलं तर फक्त रिकाम्या गाडीलाच भाग जातो, अन ३२४० अन १२४० किलोवर २० क्विंटलच्या जागी ३२२७.६ येते! भागाकारानंतर गुणाकार असला तरी सांभाळा, १०० / २ * ५ हे डावीकडून सुटते, म्हणजे २५०, तुम्हाला १० पाहिजे असेल तर १०० / (२ * ५) लिहावं लागते. घातांकाला तर कंस टाकाच, काहून की -२ ** २ (** म्हणजे घात) पायथनमधे -४ देते अन एक्सेलमधे =-२^२ चे ४ येतात, जावास्क्रिप्ट तर -२ ** २ घेतच नाही, एररच देते. जिथं भाषाभाषांतच एकमत नाही तिथं वाचणाऱ्यानं अंदाज कशाला लावायचा?

स्पेसवर जाऊ नका. अ+ब * क असं लिहिलं की डोळ्याला अ+ब एकत्र दिसते, पण गुणाकारच आधी होतो. लिहायचं तर अ + ब*क लिहा.

मोठ्या आकड्यात अंडरस्कोर टाका, पायथन ३.६ पासून १_००_००० चालते, आपल्या लाखाच्या पद्धतीनंच.

शेवटी सोपे आकडे टाकून पाहा. वरचीच गाडी घ्या, भाव ७०००, हमाली क्विंटलला २०, कटती २ टक्के, तर हाती १,३६,८०० आले पाहिजेत. कटती शून्य केली की १,३९,६००. दोन्ही कागदावरही करून पाहा, जुळले नाही तर एकेक ओळ प्रिंट करा.