फिश टँक वरच्या मजल्यावर, सम्प जिन्याखाली: स्लॅबमधून पाइप कसे न्यावेत

चारकोपच्या आमच्या रो-हाउसमध्ये वरची खोली लहान आहे. तिथे 4 फुटी टँक बसला, पण त्याच्या स्टँडमध्ये सम्प (टँकचं पाणी जिथे उतरतं आणि जिथून पंप ते परत वर पाठवतो ती खालची टाकी) आणि पंप घातले तेव्हा रात्रभर घरघर ऐकू यायची. शेजाऱ्यांची भिंत सामाईक, त्यामुळे ती त्यांच्याकडेही जायची. शेवटी सम्प तळमजल्यावर जिन्याखाली, मोरीला लागून नेला. आता वर पंपाचा आवाज नाही, पाणी बदलायला बादल्या चढवाव्या लागत नाहीत, आणि उन्हाळ्यात पाणी गार करणारा चिलर लावला तरी त्याची गरम हवा खालीच राहते.

मुंबईत हे फार थोड्या घरांत जमतं. फ्लॅटखालचा स्लॅब म्हणजे दुसऱ्याचं छत आणि टॉवरचं तळघर सोसायटीचं. दोन्ही मजले स्वतःचे असतील, म्हणजे रो-हाउस, बंगला, ड्युप्लेक्स किंवा स्वतःचं तळघर असलेलं दुकान असेल, तरच पुढचं वाचा. सम्प तळघरात जाणार असेल तर तो जमिनीवर ठेवू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवशी तुमच्या तळघरात पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा. सम्पचा कट्टा त्याच्या वर बांधा आणि विजेचे बोर्ड त्याहून वर घ्या.

आधी कागद-पेन्सिल

ड्रिल मशीन येण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं लिटरमध्ये लिहून काढा. लाइट गेली तर किती पाणी खाली येईल? आणि खाली येणारा पाइप तुंबला तर पंप किती पाणी वर चढवेल?

आमच्या टँकची लांबी-रुंदी 120 बाय 45 सेंटिमीटर. म्हणजे पातळी 1 सेंटिमीटर उतरली की 5.4 लिटर पाणी गेलं. पंप थांबल्यावर ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी ज्यातून खाली जातं त्या बॉक्सच्या) दात्यांपर्यंतचं पाणी उतरतं, आमच्याकडे ते 2 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 11 लिटर. ओव्हरफ्लो बॉक्समधलं 8 लिटरच्या आसपास. पाइपांतलं 4 लिटर धरा, कारण एक इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर मावतं. झाले 23.

खरा घात होतो तो रिटर्न पाइपाच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर टँकमध्ये सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी. पंप बंद पडला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर पडेपर्यंत टँक रिकामा करत राहतो. आमच्या पाइपाच्या तोंडाची खोली आधी 8 सेंटिमीटर होती. पहिल्याच पावसाळ्यात रात्री लाइट गेली आणि 40 लिटरहून जास्त पाणी जादा उतरलं. सम्प भरून वाहिला आणि जिन्याखाली ठेवलेल्या आईच्या जुन्या फोटोंचा खोका भिजला. त्यातले काही फोटो गेले ते गेलेच. पाइपात चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह होता, पण त्याच्या झडपेत शेवाळ्याचा तुकडा अडकला होता. तेव्हापासून चेक व्हॉल्व्ह मी हिशेबात धरत नाही. आता रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली 3 सेंटिमीटरवर आहे आणि एल्बोला पाण्याच्या जेमतेम खाली 6 मिलिमीटरचं छिद्र आहे. पातळी छिद्राखाली गेली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. छिद्र बुजलं तरी 3 सेंटिमीटरच्या खाली पाणी उतरणार नाही, म्हणजे वाईटात वाईट 16 लिटर. दात्यांपर्यंतचे 11 लिटर या सोळात येतातच, पण मी ते वेगळे धरून एकूण 40 लिटर जागा ठेवली. तेवढी सवलत असू द्या.

सम्प 90 बाय 40 चा, उंची 40. त्यात 1 सेंटिमीटरला 3.6 लिटर, म्हणजे 40 लिटरला 11 सेंटिमीटर लागतात. चालू असताना पातळी 22 वर ठेवली की वर 18 सेंटिमीटर मोकळे राहतात.

दुसरा प्रश्न बरेच जण विसरतात. गोगलगाय किंवा पान अडकून खाली येणारा पाइप बंद झाला तर पंप सम्पमधल्या आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकतो. टँकच्या काठाखाली 3 सेंटिमीटर मोकळे असतील तर वर 16 लिटरच मावतील. मग पंपाच्या कप्प्यात त्याहून कमीच पाणी असायला हवं, म्हणजे टँक वाहण्याआधी पंप कोरडा पडेल. सम्प बनवून घेताना काचवाल्याला हे माप आधी द्या, मागाहून कप्पा बदलता येत नाही.

पंपाची उंची

बॉक्सवर मोठ्या अक्षरांत छापलेला ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुम्हाला मोजायची ती सम्पच्या पाण्यापासून टँकच्या पाण्यापर्यंतची उभी उंची. आमच्या दोन मजल्यांच्या फरशांतलं अंतर 3 मीटर, वर टँकचं पाणी फरशीपासून 1.2 वर, खाली सम्पचं पाणी जमिनीपासून 0.55 वर. म्हणजे 3.65 मीटर. पाइप आणि एल्बोच्या घर्षणाचे अर्धा मीटर धरून 4.2. स्टँडमध्ये ठेवायचे बरेच पंप 2-3 मीटरवर दम टाकतात. तिथे त्यांच्यातून थेंबही वर येणार नाही. पंपाचा आलेख मागा आणि 4.2 मीटरला किती लिटर मिळतात ते पाहा. टँकच्या पाण्याच्या 3 ते 5 पट ताशी पुरे. 225 लिटरला सुमारे 1000.

स्लॅब

हे काम स्वतः करू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. एक म्हणजे वजन: पाणी, काच, खडी आणि स्टँड मिळून आमचा टँक 350 किलोच्या आसपास भरतो आणि टेकतो अर्ध्या चौरस मीटरवर. घरातल्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबाने आखलेला असतो. तो भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, म्हणून टँक बसला की स्लॅब लगेच खचत नाही. पण जागा बीमच्या वर, भिंतीला लागून हवी, खोलीच्या मध्यावर कधीच नको. दुसरं म्हणजे छिद्रं: बीममधून एकही नाही. स्लॅबमध्ये सळ्या कुठे आहेत ते रीबार लोकेटरने पाहून खडूने आखून घ्यायचं आणि छिद्रं सळ्यांच्या मधल्या चौकोनात घ्यायची. आमच्या सळ्यांत साधारण 6 इंच अंतर निघालं, त्यात 3 इंची छिद्रं आरामात बसली. स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील, म्हणजे तो पोस्ट-टेन्शन असेल, तर हा बेत सोडून द्या.

छिद्र कोअर कटिंगनेच, म्हणजे गोल कापणाऱ्या मशीननेच घ्या. ब्रेकर लावून फोडू देऊ नका, स्लॅबला तडे जातात आणि पावसाळ्यात तिथूनच गळती सुरू होते. कोअर मशीनला सतत पाणी लागतं. खाली बादली आणि माणूस दोन्ही ठेवा, कारण कापलेला काँक्रीटचा लाडू शेवटी धाडकन पडतो.

प्रत्येक छिद्रात 2 इंची पाइपाचा स्लीव्ह बसवा आणि त्याचं वरचं तोंड फरशीच्या 2 इंच वर ठेवा. टँकजवळ पाणी सांडलं तरी ते स्लीव्हमधून खालच्या खोलीत जाणार नाही. स्लीव्हच्या बाहेर पॉलिमर सिमेंट आणि आत पाइपाभोवती सीलंट. पाइप सिमेंटमध्ये गाडू नका, पुढे कधी बदलायचा झाला तर छिद्र पुन्हा फोडावं लागेल.

पाइप

छिद्रं चार: तीन खाली येणारे पाइप, एक वर जाणारा. तिघांपैकी पहिला एक इंची, पूर्ण पाण्याने भरून वाहणारा, आवाज न करणारा. दुसरा सव्वा इंची, त्यातून थोडंसंच पाणी झिरपत येतं. तिसरा कोरडा, तोंड सगळ्यांत उंचावर, फक्त संकटासाठी. पहिल्याला गेट व्हॉल्व्ह हवा, आणि तो खाली सम्पजवळ. तिथून आवळला तरच वरचा सगळा पाइप भरलेला राहतो. वर लावला तर त्याखाली हवा अडकते आणि गुरगुर सुरू होते. पहिल्या पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात इंचभरच बुडवा. जास्त खोल गेलं की आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन सुरूच होत नाही.

आडवा पाइप जितका कमी तितकं बरं, आणि जिथे टाळता येत नाही तिथे सम्पकडे उतार द्या. 90 अंशाच्या एका एल्बोऐवजी 45 चे दोन लावा. सगळं यूपीव्हीसीचं. पितळी टँक निपल किंवा जीआयचा तुकडा कुठेही नको, पितळेतलं तांबं आणि जीआयवरचं जस्त कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत पाइप, युनियन आणि प्लास्टिकचे व्हॉल्व्ह मिळून गेले. युनियन, म्हणजे पाइप न कापता उघडता येणारा जोड, स्लॅबच्या वर आणि खाली दोन्हीकडे लावा, पण पाइप स्लीव्हमधून घातल्यानंतर. ती 2 इंची स्लीव्हमधून जात नाही.

पाइप चिकटवायचं सोल्युशन लावण्याआधी सगळे तुकडे कोरडे जोडून खुणा करा. कापलेल्या कडा कानशीने घासा. जोडल्यावर किमान 24 तास पाणी सोडू नका. टँकच्या काचेला छिद्रं टँक बनवणाऱ्याकडूनच पाडून घ्या, आणि टफन काच असेल तर विचारही नको, ती फुटते.

वीज

सम्पच्या सॉकेटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच) हवाच. प्रत्येक वायर सॉकेटखाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाशी गळून पडेल. इन्व्हर्टरवर रिटर्न पंप नसला तरी चालेल, वरच्या टँकचा एअर पंप मात्र ठेवा.

चाचणी

नळाचं साधं पाणी भरा, मासे नकोत. सांध्यांखाली वर्तमानपत्र अंथरा, थेंब पडला की लगेच दिसतो. एक दिवस चालू ठेवून मेन स्विच बंद करा आणि सम्प कुठवर भरतो ते पाहून मार्करने रेघ ओढा. पुन्हा चालू करा. निदान पाच वेळा. दर वेळी सायफन आपोआप धरला पाहिजे. मग पहिल्या पाइपाचं तोंड तळहाताने बंद करा आणि दुसऱ्या-तिसऱ्यातून सगळं पाणी सुखरूप खाली जातं का ते पाहा. शेवटी तिन्ही बंद करून पंप कोरडा पडेपर्यंत थांबा. वर टँकच्या काठावर पाणी आलं तर कप्प्याचं माप चुकलं, सम्प पुन्हा काचवाल्याकडे.

सम्पवर दुसरी रेघ चालू पातळीची ओढा. घरातल्या कोणीही पाणी घातलं तरी त्या रेघेच्या वर घालायचं नाही, हे सगळ्यांना दाखवून ठेवा. महिन्यातून एकदा ओव्हरफ्लोची जाळी आणि ते 6 मिलिमीटरचं छिद्र दातकोरणीने साफ करा. आणि मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, मेन स्विच बंद करून पाणी जुन्या रेघेवरच थांबतं का ते पुन्हा एकदा पाहा.